हिल्दुर कोणाला फोन करते?

८ नोव्हेंबर

आजची मॅच हरायची काही गरज नव्हती! चांगले पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं उरली आणि आमच्या कोचनं, हिल्दुरनं, रुहीला बाहेर बसवलं. रुहीला — जिचे लांबून टाकलेले बॉल आज डोळे मिटून आत जात होते! तिच्या जागी कोण, तर मॅडी. पहिल्या वर्षाची घाबरट पोर. तिच्या हातून दोनदा बॉल सुटला, तिसऱ्यांदा हिसकावून नेला. मॅच गेली.

मी अमेरिकेतल्या या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची ट्रेनर. घोटे बांधायचे, गुडघ्यावर बर्फ ठेवायचा, कोण खेळू शकते आणि कोण नाही ते सांगायचं. कोणाला खेळवायचं ते कोचनं बघावं. मान्य. पण मीही नागपूर युनिव्हर्सिटीकडून खेळलेय, डोळे आहेत मला. कोचचा अंदाज चुकला की कळतं. मुद्दाम केलं की तेही कळतं.

आज मुद्दाम केलं.

९ नोव्हेंबर

अतुलला सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस." नवरा!

१४ नोव्हेंबर

प्रॅक्टिस संपल्यावर हिल्दुर गाडीत जाऊन बसते. इंजिन चालू, हीटर चालू, पण गाडी हलत नाही. फोनवर बोलत असते. आज माझी गाडी शेजारीच होती. काच वर होती, ऐकू काही आलं नाही. मी दिसल्यावर मात्र तिनं बोलणं थांबवलं आणि हात हलवला. फार गोड हसून. एवढं गोड ती एरवी हसत नाही.

मागच्या वर्षी ही बाई आली तेव्हा किती आवडली होती मला. आइसलंडची. मी विचारलं होतं, तुझं आडनाव कसं म्हणायचं? म्हणाली, आडनाव नाहीच. गुन्नारस्दोत्तिर म्हणजे गुन्नारची मुलगी. आमच्याकडे फोन डिरेक्टरीतसुद्धा पहिल्या नावानं शोधतात. मी म्हटलं, आमच्याकडे बापाचं नाव मध्ये असतं, तुमच्याकडे शेवटी, बास. तेव्हापासून मला 'वसंतस्दोत्तिर' म्हणते. बाबांना फोनवर सांगितलं तर केवढे हसले होते!

देशाकडून खेळलेली बाई. मग स्वीडन, मग हंगेरी, मग गुडघा गेला, मग कोच. इतकं सगळं केलेली बाई आमच्या या एवढ्याशा कॉलेजात का आली, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता पडतो.

१५ नोव्हेंबर

आजही फोन. अर्धा तास तरी.

२२ नोव्हेंबर

माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं. म्हणाली, "वसंतस्दोत्तिर, एक सांग. माझ्या पोरींपैकी पूर्ण फिट कोण आहे? म्हणजे अजून दोन-तीन वर्षं बिनघोर खेळेल अशी?"

मी म्हटलं, "या शनिवारी कोण खेळू शकते ते सांगते. दोन-तीन वर्षांचं कशाला हवंय?"

"असंच."

असंच? असं कोणी विचारतं? मी म्हटलं, मुलींच्या परवानगीशिवाय त्यांच्या दुखण्यांबद्दल मी कोणाला काही सांगत नाही. म्हणाली, बरोबर आहे तुझं, आणि गेली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. चिडली नाही. जणू दुसरा रस्ता तिच्याकडे तयार होता.

माल निवडल्यासारखं बोलत होती. वर्षं मोजून.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. रुहीला घरी आणलंय. तिचे आई-बाबा पार पश्चिमेला रेडमंडला, चार दिवसांसाठी एवढ्या लांब कुठे जाणार! तिची आई पद्मिनी आणि मी नागपूरला एकाच टीममध्ये होतो, शिवाजीनगरच्या ग्राउंडवर एकत्र वाढलो. तिनं मुलीला इथे पाठवलं ते माझ्या भरवशावर. "तू आहेस ना तिथं, मग मला झोप लागते," म्हणाली होती.

रुहीला भाजणीचं थालीपीठ करून दिलं. खाता खाता सहज विचारलं, कोच काय म्हणते ग?

"नथिंग."

"तुला बाहेर का बसवते?"

"आय डोन्ट नो, मावशी. शी वॉन्ट्स मी टू ब्रिंग द बॉल अप नाउ."

म्हणजे बघा! लांबून अचूक टाकणाऱ्या पोरीला ही आता बॉल घेऊन पुढे यायला, दुसऱ्यांना पास द्यायला लावतेय. आणि केलाला — आमची सगळ्यात उंच, रांगडी पोर, जी बास्केटखाली उभी राहिली की कोणी हलवू शकत नाही — तिला लांबून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचे बॉल, टाकायला लावते! प्रत्येकीला जे येत नाही ते करायला लावायचं. टीम मोडायची असेल तर असंच करतात.

६ डिसेंबर

आणखी एक मॅच गेली. केलानं लांबून सहा टाकले, एक गेला. तो गेला तेव्हा हिल्दुरनं काय केलं? टाळी नाही वाजवली. असिस्टंट कोच टेसला विचारलं, "रेकॉर्ड झालं ना?"

आधी टेसच सगळ्या व्हिडिओचं काम करायची. आता हिल्दुर ते फुटेज स्वतः घेते, ऑफिसात बसून तुकडे कापते. मी आत गेले की लॅपटॉप बंद.

ही बाई काय करून राहिली?

१३ डिसेंबर

शिकागो. संध्याकाळ मोकळी होती, मॅच उद्या. मुली मॉलला गेल्या. मी बस पकडून डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर. इथवर यायचं आणि डेव्हनला जायचं नाही? पोहे, कोकम, घरी दळायला लागू नये म्हणून थालीपीठाची भाजणी, आईनं सांगितलेली हिंगाची डबी. दोन्ही हातांत पिशव्या. थंडीनं बोटं गेली होती, म्हटलं मिठाईच्या दुकानात चहा घ्यावा.

काचेतून आत बघितलं आणि पाय थांबले.

हिल्दुर! कोपऱ्यातल्या टेबलवर. समोर एक गोरी बाई, विस्कॉन्सिनच्या एका कॉलेजचं जॅकेट घातलेली, पाठीवर 'बास्केटबॉल' असं मोठ्या अक्षरात. दोघींमध्ये समोशाची प्लेट, कोणी हात लावलेला नाही. आणि हिल्दुरचा लॅपटॉप त्या बाईकडे वळवलेला. माझ्यापासून लपवायचा, आणि तिच्यापुढे उघडा! स्क्रीनवर आमचा जांभळा ड्रेस. आमच्या मुली.

मी आत गेले नाही. चहा न पिताच परत आले. बसमध्ये मान खाली घालून बसले, जणू चोरी मीच केली.

आइसलंडची बाई डेव्हन ॲव्हेन्यूवर काय करतेय? उत्तर सोपं आहे. जिथं टीममधलं कोणी येणार नाही तिथं बसायचं.

१४ डिसेंबर

सकाळी नाश्त्याला समोर आली. मी विचारलं, "काल संध्याकाळी काय केलंस?"

"झोपले. पाठ दुखत होती."

डोळ्याला डोळा देऊन! पापणीही हलली नाही.

१५ डिसेंबर

अतुल म्हणतो, सरळ विचार तिला. काय सरळ विचार? शनिवारी खोटं बोलली ती रविवारी खरं बोलेल?

९ जानेवारी

पद्मिनीचा फोन. आवाज चढलेला. "सुचित्रा, ती कोच माझ्या मुलीला विचारते, इथे नसतीस तर कुठे खेळायला आवडेल? हा काय प्रश्न झाला? दुसरीकडे नेतेय का ती पोरींना?"

झालं. आता सगळं जुळलं.

हिल्दुरला मोठी नोकरी हवीय. विस्कॉन्सिनमध्ये किंवा अजून कुठे. रिकाम्या हातानं कोण घेईल? बरोबर चार चांगल्या मुली न्यायच्या. म्हणून त्यांना नवी कामं शिकवायची, त्यांचे व्हिडिओ कापायचे, कोण किती वर्षं टिकेल ते विचारायचं. हरतोय ते हरू दे, तिला या टीमशी काय करायचंय! ही टीम म्हणजे तिच्यासाठी शिडी.

पद्मिनीला म्हटलं, तू काळजी करू नको. मी बघते.

१८ जानेवारी

इंडियानाहून परत येताना बर्फात बस अडकली. ड्रायव्हर म्हणाला, पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत बसा. मुली कंटाळल्या. मॅडीनं हिल्दुरला विचारलं, कोच, तू पहिल्यांदा कुठे खेळलीस?

मग ती बोलायला लागली. फ्योर्डच्या काठचं गाव, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र. हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या वरच येत नाही. करायचं काय? गावातल्या जिममध्ये जायचं. पंधराव्या वर्षी मोठ्या बायकांच्या टीममध्ये घेतलं. त्या टीममध्ये पोस्ट वाटणारी बाई होती, दाताची डॉक्टर होती, मासळीच्या कारखान्यातल्या दोघी होत्या. दुसऱ्या गावी मॅचला जायचं तर छोटं विमान, वाऱ्यात उतरायचंच नाही, तासभर घिरट्या घालून परत. "एकदा दाताच्या डॉक्टरनं विमानातच माझी दाढ तपासली," म्हणाली. मुली हसून लोटपोट. मीही हसले. खोटं कशाला लिहू? ऐकत राहावंसं वाटत होतं.

तिथून इंडियानातल्या कॉलेजात आली, चार वर्षं खेळली, देशाची जर्सी घातली. शिकून परत गावी गेली. स्वतःच्याच गावच्या टीमची कॅप्टन झाली.

"मग? ती टीम अजून आहे?" मॅडीनं विचारलं.

"नाही. संपली."

"हाउ कम?"

हिल्दुर खिडकीकडे वळली. काचेवर हातानं वाफ पुसली. म्हणाली, "बघा, नांगर आला. आता निघू."

नांगर म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक. तो अजून बराच लांब होता. विषय टाळला तिनं. ती टीम कशी संपली? कोणी संपवली? तिथूनही अशीच निघाली होती का ही?

२७ जानेवारी

आज डगला सांगितलं.

डग म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर, कॉलेजातल्या सगळ्या टीम्सचा साहेब. एरवी कॉरिडॉरमध्ये भेटला की पाठीवर थाप मारून पुढे जातो. आज मला बसवलं. मी सगळं सांगितलं. डेव्हन, व्हिडिओ, फोन, रुहीला विचारलेला प्रश्न. त्यानं ऐकून घेतलं. उठून दार लावलं.

"हे तू आणखी कोणाला बोललीस?"

"नवऱ्याला."

"आणि असं का करतेय, ते ती बोलली?"

"नाही."

श्वास सोडला त्यानं. "थँक यू, सुचित्रा. यू डिड द राइट थिंग." माझं नाव नीट उच्चारलं. आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर हलकं वाटायला हवं होतं.

३० जानेवारी

हिल्दुर गेली. डगचा दोन ओळींचा मेल — वैयक्तिक कारणांमुळे, तातडीनं, टेस पुढची जबाबदारी घेईल. तिच्या ऑफिसचं कुलूपही बदललं.

इतकं? मी म्हटलं होतं, चौकशी करा. चौकशी कुठे झाली? एक प्रश्न मला विचारला नाही परत. मधल्या दोन दिवसांत काय चौकशी होते?

४ फेब्रुवारी

मुली टेसशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, टेसनं काड्या केल्या — कोच व्हायचं होतं तिला! केलानं तिच्या समोर बॉल आपटला. टेस माझ्या खोलीत येऊन रडली. "मी काहीही केलं नाही, सुचित्रा." मी तिला पाणी दिलं. टिश्यू दिला. आणि गप्प बसले.

आता मला डगचा संशय येतो. मी डेव्हनचं सांगितलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलंच नाही. त्याला फक्त हिल्दुरनं कारण सांगितलं की नाही, तेवढंच हवं होतं. कसलं कारण? त्याला काय माहीत आहे जे मला माहीत नाही?

१२ फेब्रुवारी

कळलं.

सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. डग आणि कॉलेजच्या अध्यक्षबाई. कॉलेजच्या पेपरातला एक मुलगा हिल्दुरबद्दल विचारत फिरत होता, त्याच्या हाती काहीतरी लागलं, म्हणून हे आज सांगावं लागतंय, नाहीतर मेमध्ये सांगणार होते. या सीझननंतर मुलींची बास्केटबॉल टीम बंद. कायमची. निर्णय कधी झाला? ऑक्टोबरमध्ये.

ऑक्टोबरमध्ये! आणि हेड कोचला तेव्हाच सांगितलं होतं, गुप्त ठेवायच्या अटीवर.

मॅडीला काही कळलंच नाही, ती शेजारणीला विचारत होती, "बंद म्हणजे पुढच्या वर्षी?" केला उठून निघून गेली. रुही माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे.

बॉल घेऊन पुढे येणारी रुही. लांबून टाकणारी केला. शेवटच्या पाच मिनिटांत मॅडी. प्रत्येकीला दाखवण्यासारखं काहीतरी मिळावं म्हणून. ती टीम मोडत नव्हती. टीम मोडणार हे तिला माहीत होतं आणि ती एकेक पोर उचलून दुसऱ्या घरी पोचवत होती.

आणि मी दार वाजवून सांगून आले.

१३ फेब्रुवारी

गेले तिच्याकडे. अपार्टमेंटमध्ये खोकी. दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मीच उभ्या उभ्या म्हटलं, "डगला मी सांगितलं."

"माहीत आहे. डग डेव्हनचं बोलला, ते दुसऱ्या कोणाला कळणार? तिथं टीममधलं कोणी यायचं नाही म्हणून मी ती जागा निवडली. विचार कर! साड्यांची दुकानं, मसाल्याची दुकानं, आणि तरी मला तुझी आठवण झाली नाही. किती मूर्ख मी!"

हसली. मग हसू गेलं. "तू मला विचारायचं होतंस."

"खरं सांगितलं असतंस?"

"नाही. खोटं बोलले असते. बोललेच ना शिकागोत. पण तू बघतेयस हे तरी मला कळलं असतं. मी सावध झाले असते. अजून एक महिना मिळाला असता मला!" आवाज चढला तिचा. आजवर कधी ऐकला नव्हता तसा. "सात जणींचं जवळजवळ ठरत आलं होतं. सात! ते सगळे फोन आता परत कोण करणार?"

"मला तरी सांगायचंस. मी काय परकी होते?"

"शब्द दिला होता मी. आणि तू त्यांची मावशी. दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असतं. त्यांना कळलं असतं तर डगनं मला तेव्हाच काढलं असतं. मेमध्ये कळल्यावर कुठल्या टीममध्ये जागा उरते ग?"

मग आत घेतलं. कॉफी केली. आणि बसमध्ये टाळलेलं सांगितलं. इंडियानाहून शिकून गावी परतली त्याच वर्षी आइसलंडच्या बँका बुडाल्या. गावच्या क्लबला पैसे देणारे सगळे एका आठवड्यात गेले. "आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी कॅप्टन, मला नाही. प्रॅक्टिसला गेलो तर जिमला कुलूप. पोस्टवाली म्हणाली, चावी हरवली असेल. आम्ही बर्फात उभ्या राहिलो, कोणीतरी येईल म्हणून." मला स्वीडनहून बोलावणं आलं, मी गेले, म्हणाली. बाकीच्यांना कोणी बोलावलं नाही. तिची मैत्रीण सोल्वेग तिच्याहून चांगली खेळायची. "ती परत कधी खेळली नाही. कारण तिच्यासाठी कोणी एक फोन केला नाही. मीही नाही. मी तेवीस वर्षांची होते, मला सुचलंच नाही."

तिनं रिकामे मग उचलून सिंकमध्ये ठेवले.

"तू बोललीस त्याचा राग नाही," म्हणाली. "चुकीच्या माणसाशी बोललीस, त्याचा आहे."

निघताना मी म्हटलं, मुलींना मी स्वतः सांगते. तिनं हात धरला. "आत्ता नको. त्यांचे गुडघे तुझ्या हातात आहेत. आधी त्यांना जागा मिळू दे. टेसला मात्र सांग."

१४ फेब्रुवारी

टेसला सांगितलं. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मला चांगलंच पुरेल.

२१ फेब्रुवारी

शेवटची मॅच. जिंकलो. मुली ओरडल्या, उड्या मारल्या, आणि मग एकदम कोणालाच पुढे काय करायचं ते कळेना. कोर्टवरच बसून राहिल्या. लाइट घालवणारा माणूस दारात थांबला होता, त्यानं लाइट घालवले नाहीत.

५ मार्च

फोन मी करतेय. हिल्दुर कोणाला करायचा, काय बोलायचं ते सांगते, मी करते. माझं इंग्रजी एवढं वाईट नाही, पण पहिल्या दिवशी घाम फुटला. मुलींना विचारून त्यांच्या दुखण्यांचंही सांगते. ओहायोच्या कोचला म्हटलं, केलाचा गुडघा मी दोन वर्षं सांभाळलाय, लपवण्यासारखं काही नाही, हवं तर डॉक्टरशी बोला. तो म्हणाला, तिचे थ्री बघितले, एवढी उंच मुलगी लांबून टाकते हे बघून थांबलो. ठेवून घेतो!

हिल्दुरचं स्वतःचं काही झालेलं नाही. व्हिसा एप्रिलअखेरपर्यंत. आम्ही मुलींच्याच फोनबद्दल बोलतो, तो विषय ती काढू देत नाही.

१९ मार्च

रुही ऐकत नाही. विस्कॉन्सिनची ती डेव्हनवाली कोच तिला घ्यायला तयार आहे. रुही म्हणते, थांबते. कशासाठी थांबायचंय? मॅडीही थांबलीय. अजून दोघी. चौघींना बोलावणं आहे आणि चौघी हो म्हणत नाहीत.

२६ मार्च

रुही कॉरिडॉरच्या टोकाला फोनवर होती. मी दिसले, तिनं फोन ठेवला. हसली. फार गोड.

पद्मिनीचा फोन रोज. "कोणी मुलगा आहे का? खेळायचं सोडतेय का? सुचित्रा, तू काढ ना तिच्याकडून. नाहीतर तिच्या रूममेटला विचार."

मी म्हटलं, नाही विचारणार.

"काहून?"

"तिला सांगायचं तेव्हा सांगेल."

फोन ठेवल्यावर मला रूममेटचा नंबर आठवला. पाठ आहे. केला नाही. इतकं जड काम आजवर केलेलं नाही मी!

११ एप्रिल

रुही आली. दारातूनच, "मावशी, दे सेड येस!"

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपिरियरच्या काठी एक कॉलेज. तिथली म्हातारी कोच रिटायर होतेय. या चौघींनी त्यांना परस्पर फोन केला — आम्ही चौघी येतो, पण आमच्या कोचला बोलावून एकदा बघा. महिनाभर बोलणी करत होत्या. काल त्यांनी हिल्दुरला नेमलं. व्हिसाचंही कॉलेज करणार. हिल्दुरला आत्तापर्यंत पत्ताच नव्हता की मागे कोण होतं!

मला रडू आलं. मग म्हटलं, "अग, मग मला का नाही सांगितलंस? मी मदत केली असती."

रुहीनं बूट काढले. नीट बाजूला ठेवले. म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी डगच्या ऑफिसबाहेर होते. यू टेल पीपल."

आणि आत जाऊन विचारलं, खायला काय आहे.